सेमीकोलनवाली डॉकरफाईल: ऑफिशियल इमेजच्या शेल स्टाईलचा रिव्ह्यू, गावाकडच्या नेटवर वापरून

लोक मिक्सरचा रिव्ह्यू लिहितात, पंपाचा लिहितात, अमरावती रोडवरच्या ढाब्याचा तर लिहितातच. मी आज शेल स्क्रिप्ट लिहायच्या एका पद्धतीचा लिहून राहिलो. फुकटची असली म्हणून काय झालं, वेळ अन् डेटा जातोच ना तिच्यात. डॉकर म्हणजे प्रोग्राम अन् त्याला लागणारं सगळं एका इमेजमध्ये बांधायचं साधन, चालू असलेली इमेज म्हणजे कंटेनर, अन् इमेज बनवायची (बिल्ड करायची) कृती म्हणजे डॉकरफाईल. डॉकर हबवरच्या ऑफिशियल इमेजेस, पोस्टग्रेस घ्या, रेडिस घ्या, पायथॉन घ्या, त्यांच्या डॉकरफाईली सगळ्यांसाठी उघड्या आहेत, अन् ज्यांनी कधी डोकावून पाहिलं त्यांना तो नमुना माहीत असंल: रन (बिल्डमध्ये कमांड चालवायची सूचना), मग सेट -ईयूएक्स (शेलला, म्हणजे कमांड चालवणाऱ्या प्रोग्रामला, दिलेली तीन अक्षरांची ताकीद, अर्थ पुढं येते), मग सेमीकोलन, बॅकस्लॅश, अन् त्याच्या खाली ही लांबलचक रांग, प्रत्येक कमांडच्या शेवटी सेमीकोलन-बॅकस्लॅश, सेमीकोलन-बॅकस्लॅश. अँड-अँड (दोन अँपरसँडची खूण) फारसं सापडत नाही. कोड मी इथं तोंडाने बोलतो तसाच लिहून राहिलो, टाईप करताना तुमचं तुम्ही इंग्रजी करून घ्या.

माझा वापर काय ते आधी सांगतो, नाहीतर फायबरवाले म्हणतील एवढं काय त्यात. मी वरुड तालुक्यात राहतो, संत्र्याच्या पट्ट्यात. आमची छोटी टीम संत्रा खरेदी केंद्रांसाठी वजन-पावतीचं सॉफ्टवेअर बनवते. केंद्रावर एआरएमचा एक छोटा बोर्ड, त्यात कंटेनर, काट्यावरून वजन येते, पावती निघते, रात्री नेट असलं की डेटा वर जातो, नसलं तर सकाळी जातो. इमेज मी घरूनच बिल्ड करतो, मोबाईलच्या हॉटस्पॉटवर, अन् लाईन कधी जाईल ह्याचा काही नेम नाही. आंबिया बहाराच्या सिझनात, दिवाळीच्या मागंपुढं, केंद्रावर पिकअपची रांग लागलेली असते, तेव्हा अर्धी-कच्ची इमेज तिथं पोचली तर पावती बंद, अन् पावती बंद झाली की लोक सपोर्टला फोन करत नाहीत, थेट घरी येतात. म्हणून मले एकच गोष्ट पाहिजे होती: जे काही फुटायचं ते माझ्या घरी, बिल्डमध्ये, माझ्या डोळ्यासमोर फुटलं पाहिजे. ही स्टाईल त्या एका कसोटीवर कशी उतरते, त्याचाच हा रिव्ह्यू.

आता सगळे जण कसं लिहितात? एपीटी-गेट अपडेट अँड-अँड एपीटी-गेट इन्स्टॉल अँड-अँड आरएम -आरएफ. एपीटी-गेट म्हणजे डेबियन लिनक्सवर पॅकेज टाकायचं साधन, आरएम म्हणजे फाईल डिलीट. डॉकरच्या स्वतःच्या डॉक्युमेंटेशनमध्ये बी तसंच शिकवतात, अन् ते चूक नाही. अँड-अँडचा अर्थ, आधीची कमांड पास झाली तरच पुढची चालव. म्हणजे सालदाराला प्रत्येक कामानंतर जाऊन विचारायचं, "झालं का? बरं मग आता डवरणी कर. झालं का? बरं मग आता फवारणी." सेट -ई म्हणजे सकाळीच एकदा सांगून ठेवायचं, "काही बिघडलं की थांबजो बाप्पा, पुढचं काम धरू नको." दोन्हीचा परिणाम साध्या सरळ रांगेत सारखाच आहे, म्हणून नवीन पोरांना वाटते की हा निव्वळ आवडीनिवडीचा विषय आहे. आमच्या टीममधला मोर्शीचा पोरगा पहिल्यांदा फाईल पाहून म्हणे, "दादा, काऊन एवढे सेमीकोलन लावले, सेमीकोलन म्हणजे तर फेल झालं तरी पुढं जा ना?" बरोबर बोलला तो, नुसता सेमीकोलन तसाच वागतो. वरच्या -ई मुळेच त्याला अर्थ येतो, ती एक ओळ काढली की खालची सगळी फाईल धोक्याची. स्टाईलची सगळ्यात मोठी ताकद अन् सगळ्यात मोठी भीती एकाच ओळीत आहे, ते सुरुवातीलाच लक्षात ठेवा.

फरक कुठं पडतो तर लूप आला की. समजा चार-पाच टार फाईली, म्हणजे बांधून दाबलेल्या फाईली, उघडायच्या आहेत. अँड-अँडवाला लिहिते: फॉर एफ इन *.टीजीझेड, डू, टार -एक्सझेडएफ $एफ, सेमीकोलन, आरएम $एफ, सेमीकोलन, डन, अन् मग अँड-अँड पुढचं. आता मधली एक फाईल अर्धवट डाऊनलोड झालेली आहे. टार फेल होते. पण त्याच्या पुढं सेमीकोलन आहे, आरएम पास होते, लूप पुढच्या फाईलवर जाते, अन् लूपचा एक्झिट कोड (संपताना मिळणारा आकडा, शून्य म्हणजे पास) म्हणजे शेवटच्या फेरीतल्या शेवटच्या कमांडचा, तो शून्य. बाहेरच्या अँड-अँडला काही पत्ता नाही. बिल्ड पास, हिरवी टिक, इमेजमध्ये फाईल गायब, अन् खराब टार बी डिलीट झाल्यामुळे पुरावा बी गायब. सेट -ई अन् सेमीकोलनच्या स्टाईलमध्ये हाच लूप टारवरच थांबते. एवढ्या एका गोष्टीसाठी मी स्टाईल बदलली असती, बाकीचं बोनस.

दुसरं दुखणं म्हणजे ते ऑर-ट्रू, म्हणजे आधीची कमांड फेल झाली तर ट्रू ही नेहमी पास होणारी कमांड चालव. सीडी म्हणजे फोल्डरमध्ये शिरायची कमांड, मेक चेक म्हणजे टेस्ट. सीडी फोल्डर अँड-अँड मेक चेक ऑर ट्रू अँड-अँड मेक इन्स्टॉल, असं लिहिलेलं किती ठिकाणी पाहिलं असंल तुम्ही. लिहिणाऱ्याच्या मनात असते की टेस्ट फेल झाली तरी चालंल. पण शेलमध्ये अँड-अँड अन् ऑर दोघांची पायरी सारखी, डावीकडून उजवीकडे जाते, त्यामुळं सीडीच फेल झालं तरी ट्रू होते अन् मेक इन्स्टॉल भलत्याच फोल्डरमध्ये चालते. सेमीकोलनच्या पद्धतीत सीडी फोल्डर एका ओळीवर, मेक चेक ऑर ट्रू दुसऱ्या ओळीवर, मेक इन्स्टॉल तिसऱ्या. ऑर-ट्रू ज्याच्यासाठी लिहिलं त्यालाच लागते, सीडी फेल झालं तर तिथंच खतम. वाचणाऱ्याला बी एका नजरेत दिसते की कोणती कमांड फेल व्हायची परवानगी आहे.

अन् आता सगळ्यात महत्त्वाचं, जे मले कोणी आधी सांगितलं नव्हतं असं म्हणणारे लय भेटतात. अर्धी स्टाईल घेऊ नका. बरेच जण काय करतात, सेट -ईएक्स लिहितात अन् त्याच्या पुढं परत अँड-अँडच लावतात, सेट -ईएक्स अँड-अँड हे अँड-अँड ते. त्यांना वाटते डबल सुरक्षा झाली. झालं उलटंच. शेलचा नियम असा आहे की अँड-अँडच्या साखळीत शेवटची कमांड सोडून बाकी सगळ्यांसाठी -ई बंद राहते, अन् नुसत्या त्या कमांडपुरतं नाही, त्या जागी जर लूप असंल, कंस असंल, फंक्शन असंल तर त्याच्या आतमध्ये बी -ई बंद. म्हणजे वरचा टारवाला लूप सेट -ईएक्स अँड-अँड च्या साखळीत मधे टाकला तर -ई असून नसल्यासारखं, लूप परत गुपचूप पुढं जाते. इफच्या कंडिशनमध्ये अन् उद्गारचिन्हाच्या मागं बी हाच नियम. हे पॉझिक्समध्येच, म्हणजे शेलच्या प्रमाण नियमावलीत, लिहिलेलं आहे, कोण्या शेलचा बग नाही. त्यामुळं एकतर पूर्ण अँड-अँडवर राहा, लूप टाळा, नाहीतर पूर्ण सेमीकोलनवर या. मधली वाट दोन्हीपेक्षा वाईट आहे, कारण तिच्यात माणूस निर्धास्त झोपते.

आता -यू बद्दल, म्हणजे किंमतच न दिलेलं व्हेरिएबल वापरलं की थांब. हे अक्षर लोक गाळून टाकतात, सेट -ईएक्स वर भागवतात, पण गावात बसून काम करणाऱ्याला मी म्हणीन की हेच आधी घ्या. डॉकरफाईलमध्ये आर्ग (बिल्डच्या वेळी बाहेरून द्यायची किंमत) व्हर्जन लिहिलं, डिफॉल्ट दिलं नाही, अन् बिल्डच्या वेळी --बिल्ड-आर्ग द्यायचं राहून गेलं, तर -यू नसताना शेल त्या जागी रिकामं टाकते, यूआरएलमध्ये दोन स्लॅश मधे काहीच नाही, सर्व्हर ४०४ देते, अन् कर्लला (डाऊनलोडच्या कमांडला) जर -एफ दिला नसंल तर कर्ल त्या ४०४ चं एचटीएमएल पान फाईल म्हणून सेव्ह करून पास होते. मग टार म्हणते हे जीझिप नाही. तुम्ही अर्धा तास टारवर डोकं लावता. -यू असलं की पहिल्याच ठिकाणी येते: व्हर्जन, पॅरामीटर नॉट सेट. झालं. ज्या व्हेरिएबलला खरंच रिकामं राहायची मुभा आहे त्याला डॉलर महिरपी कंसात कोलन-डॅश लावून लिहायचं, म्हणजे तिथं बी वाचणाऱ्याला कळते की हे मुद्दाम आहे.

-एक्स म्हणजे प्रत्येक कमांड चालवायच्या आधी अधिकचं चिन्ह लावून छापणे, व्हेरिएबलच्या किमती भरून. ह्याची किंमत कळायला एक गोष्ट समजून घ्या. बॅकस्लॅशने जोडलेल्या सगळ्या ओळी डॉकर एकच ओळ करून शेलला देते. त्यामुळं शेल जेव्हा एररमध्ये ओळ नंबर सांगते तेव्हा तो कायम १ असतो. चाळीस ओळींचा रन, चूक कुठंही असू द्या, शेल म्हणंल ओळ १. -एक्स नसंल तर तुम्ही अंदाज लावत बसा. -एक्स असंल तर शेवटची अधिकवाली ओळ पाहायची, तीच गुन्हेगार. एक मात्र आहे, बिल्डकिट (डॉकरचं नवं बिल्ड इंजिन) आल्यापासून, म्हणजे डॉकर इंजिन २३.० मध्ये २०२३ ला ते डिफॉल्ट झालं तेव्हापासून, लॉग स्क्रीनवर गुंडाळून ठेवते, पास झालं की सगळं गायब. --प्रोग्रेस=प्लेन लावल्याशिवाय -एक्सचा पूर्ण पैसा वसूल होत नाही. मी तर शेलच्या एलियसमध्येच टाकून ठेवलं अन् लॉग फाईलमध्ये वळवतो, लाईन गेली तरी कुठवर पोचलं होतं ते दिसते.

अन् -एक्सचा एक मोठा दोष, ज्यासाठी मी स्टार कापून राहिलो: टोकन, पासवर्ड जे काही कमांडमध्ये जाते ते सगळं लॉगमध्ये छापलं जाते, उघडं. ऑफिशियल इमेजवाल्यांना हा त्रास नाही, त्यांच्याकडे सगळं सार्वजनिक, लपवायला काही नाही. आपल्याकडं प्रायव्हेट रजिस्ट्रीचं टोकन असते. त्या कमांडच्या आधी सेट +एक्स, नंतर परत सेट -एक्स, असं करता येते पण ते विसरायची चीज आहे. त्यापेक्षा बरं म्हणजे --माउंट=टाईप=सीक्रेट वापरा अन् टोकन कमांडच्या ओळीवर आणूच नका, टूलला सरळ फाईलचा पाथ द्या. आर्गमध्ये तर टोकन टाकूच नका, ते इमेजच्या हिस्टरीत दिसते.

आता आमच्याकडच्या नेटची गोष्ट, कारण इथं स्टाईल थोडी उघडी पडते. तुम्हाला वाटंल सेट -ई आहे म्हणजे एपीटी-गेट अपडेट फेल झालं की थांबंल. नाही थांबत नेहमी. नेटवर्क मधेच तुटलं अन् काही इंडेक्स फाईली आल्या नाहीत तर एपीटी नुसती वॉर्निंग देते, काही फाईली आल्या नाहीत, सोडून दिल्या किंवा जुन्या वापरल्या, अन् एक्झिट कोड शून्य. मग पुढच्या ओळीत इन्स्टॉल म्हणते पॅकेज सापडलं नाही, एक्झिट कोड १००. म्हणजे फुटते, पण एक ओळ उशिरा, अन् पोरगं पॅकेजच्या नावाचं स्पेलिंग तपासत बसते. ह्याच्यावर उपाय एपीटीतच आहे, एपीटी-गेट अपडेटला --एरर-ऑन=एनी लावायचं, मग तात्पुरती गडबड बी फेल धरल्या जाते. अन् डेटा पॅक संपला की मोबाईल कंपनी जे करते ते तर वेगळंच: साध्या एचटीटीपीवर काहीही मागा, रिचार्जचं पान हातात देतात. डेबियनची रिपॉझिटरी साध्या एचटीटीपीवरच असते पण सही तपासल्या जाते, म्हणून एपीटी ते पकडते, अन् एरर काय देते तर फाईल सहीची नाही अन् पुढं प्रश्न विचारते की नेटवर्कला लॉगिन लागते काय. ज्याने हा मेसेज लिहिला त्याने असं नेट भोगलं असंल नक्की.

हेच पान जर तुम्ही स्वतः डाऊनलोड केलेल्या टारच्या जागी आलं तर? म्हणून त्या ऑफिशियल फाईलींमधली सवय मला सगळ्यात जास्त आवडली: डाऊनलोड सरळ पाईपने दुसऱ्या कमांडला द्यायचं नाही. आधी फाईल उतरवायची, मग शा२५६सम -सी ने तिचा चेकसम (फाईलचा ठसा) तपासायचा किंवा जीपीजीची सही पाहायची, मग उघडायची, मग मूळ फाईल डिलीट, सगळं एकाच रनमध्ये म्हणजे लेअरमध्ये (प्रत्येक रनचा इमेजवर चढणारा थर) कचरा राहत नाही, कारण पुढच्या रनमध्ये डिलीट केलेली फाईल खालच्या लेअरमध्ये जागा धरून बसतेच. आमच्या बोर्डच्या कार्डवर जागा मोजकी, तिथं हे जाणवते. आर्किटेक्चर दोन असले, माझा लॅपटॉप एएमडी६४ अन् केंद्रावरचा बोर्ड एआरएम६४, तर केस ही शेलची रचना लावून डीपीकेजी --प्रिंट-आर्किटेक्चर वर दोन चेकसम ठेवायचे, अन् खाली तारांकनवाला भाग, दुसरं काही आलं तर एक्झिट १. हा तिसरा भाग लोक लिहीत नाहीत. लिहा.

पाईप काऊन नाही ते बी सांगतो. कर्ल पाईप एसएच, हे इन्स्टॉल करायचं फॅशनेबल तंत्र. कर्ल फेल झालं, काहीच आलं नाही, तर एसएचला रिकामं इनपुट मिळते, रिकामी स्क्रिप्ट म्हणजे यशस्वी स्क्रिप्ट, एक्झिट कोड शून्य. पाईपचा एक्झिट कोड शेवटच्या कमांडचा असतो, सेट -ईयूएक्स ला त्यातलं काही दिसत नाही. पाईपफेल (मधली कमांड फेल झाली तरी पूर्ण पाईप फेल धरणारी सेटिंग) लावा म्हणाल तर रनचा डिफॉल्ट शेल /बिन/एसएच, डेबियनमध्ये तो २०११ च्या स्क्वीझ आवृत्तीपासून डॅश नावाचा शेल आहे, अन् डेबियन १२ मधला डॅश सेट -ओ पाईपफेलला इल्लीगल ऑप्शन म्हणून परत पाठवते. बॅशमध्ये चालते, अल्पाईनमधल्या बिझीबॉक्सच्या शेलमध्ये बी चालते. पॉझिक्सने पाईपफेल घेतलं २०२४ च्या आवृत्तीत, सगळीकडे पोचायला वेळ लागंल. तोवर शेल इन्स्ट्रक्शन देऊन बॅश लावा नाहीतर पाईपच टाळा. हॅडोलिंट, डॉकरफाईल तपासणारं टूल, ह्याच्यावर बोंब मारते, डीएल४००६ नंबरचा नियम, पण बोंब ऐकायला ते आधी लावावं लागते ना.

ह्या स्टाईलमध्ये नवीन माणूस कुठं पडते ते माहीत असलेलं बरं. दोन-तीन जागा ठरलेल्या आहेत. सगळ्यात खतरनाक म्हणजे कमांडच्या मागं लिहिलेली कॉमेंट. पूर्ण ओळ हॅशने सुरू होत असंल तर डॉकर ती ओळ आधीच काढून टाकते, काही त्रास नाही, उलट मोठ्या रनमध्ये अशा कॉमेंट लिहिता येतात हे लय चांगलं आहे. पण एपीटी-गेट अपडेट, सेमीकोलन, हॅश, यादी ताजी करा, बॅकस्लॅश, असं एकाच ओळीत लिहिलं की सगळ्या ओळी जोडल्यावर हॅशच्या पुढचं सगळं, म्हणजे इन्स्टॉल, कॉपी, सगळंच, कॉमेंट बनते. शेल अपडेट करते अन् पास. बिल्ड भलतंच फास्ट झालं म्हणून आनंद होतो, आत पाहिलं तर काही नाही. अँड-अँड वाल्याचं इथं बरं आहे, अँड-अँड च्या मागं काहीच उरलं नाही की शेल कुरकुर तरी करते. ह्या एका बाबतीत सेमीकोलन हरला.

दुसरं, डू अन् देन च्या मागं सेमीकोलन लावायचा नसतो, नुसता बॅकस्लॅश. सवयीने लावला की सिंटॅक्स एरर, अन् ओळ नंबर अर्थातच १. तिसरं, रनच्या अगदी शेवटी चौकटी कंसात टेस्ट अँड-अँड कमांड असं लिहिलं, अन् टेस्ट खोटी निघाली, तर मधे असतं तेव्हा काही होत नाही पण शेवटी असल्यामुळं पूर्ण रनचा एक्झिट कोड १ अन् बिल्ड फेल, काहीच बिघडलेलं नसताना. तिथं सरळ इफ लिहा, चार शब्द जास्त लागतात. एक्सपोर्ट नाव इज-इक्वल-टू डॉलर कंस कमांड हे बी तसंच, एक्सपोर्ट पास होते म्हणून आतली फेल झालेली कमांड झाकल्या जाते. आधी नाव भरा, मग दुसऱ्या ओळीत एक्सपोर्ट करा. शेलचेक (शेल स्क्रिप्ट तपासणारं टूल) चालवलं तर ते हे दाखवून देते.

दिसण्याबद्दल थोडक्यात. इंडेंट टॅबने, स्पेसने नाही. पॅकेजची नावं एका ओळीवर एक अन् अक्षरांच्या क्रमाने. पहिल्यांदा वाटते फालतूचा सोस आहे, पण गिटमध्ये फरक पाहताना एक पॅकेज वाढलं की एकच ओळ हिरवी दिसते, अन् तेच पॅकेज दोनदा लिहिलेलं लगेच सापडते. टॅबवर आमच्या टीममध्ये वाद झाला, होऊ द्या, मी त्यात पडलो नाही.

आता मूळ तक्रार. हे एवढे मोठे रन ज्या काळात गरजेचे होते तो काळ थोडा मागं गेला. मोठ्या रनमध्ये तिसाव्या ओळीवर फुटलं की पहिल्या ओळीपासून सुरू, अन् सगळं डाऊनलोड परत. डेटा सेंटरमध्ये बसलेल्याला त्याचं काही नाही, हॉटस्पॉटवाल्याचा दिवसाचा पॅक त्यातच जाते. मल्टी-स्टेज बिल्ड २०१७ पासून आहे, १७.०५ मध्ये आलं, त्यात बिल्डर स्टेजमध्ये कचरा किती का राहिना, शेवटच्या इमेजमध्ये फक्त पाहिजे ते कॉपी करायचं, मग तिथं सगळं एका रनमध्ये कोंबायची गरज नाही. मी काय करतो, बिल्डर स्टेजमध्ये छोटे छोटे रन, प्रत्येकाच्या डोक्यावर सेट -ईयूएक्स, म्हणजे कॅश (आधी झालेलं काम परत वापरणे) बी लागते अन् शिस्त बी राहते. फक्त शेवटच्या स्टेजमध्ये एक जोडलेला रन. त्याच्या जोडीला /व्हार/कॅश/एपीटी वर --माउंट=टाईप=कॅश लावलं अन् इमेजमधली डॉकर-क्लीन नावाची एपीटीची सेटिंग फाईल त्या स्टेजमध्ये काढून टाकली, नाहीतर ती उतरलेल्या डेब (पॅकेजच्या) फाईली लगेच साफ करते अन् कॅश रिकामीच राहते. एवढं केल्यावर लाईन जाऊन आली तरी जे डेब उतरले ते उतरले.

आणखी एक पर्याय म्हणजे हीअरडॉक, डॉकरफाईलच्या १.४ सिंटॅक्समध्ये २०२२ ला आलेलं. रन, दोन छोटे-चिन्ह, ईओएफ, मग साधी स्क्रिप्ट, बॅकस्लॅश नाही, सेमीकोलन नाही, मागं कॉमेंट लिहिली तरी काही बिघडत नाही, डू-देनचा घोळ नाही. वर सांगितलेले निम्मे खड्डे बुजले तिथंच. पण त्यात पहिली ओळ सेट -ईयूएक्स स्वतः लिहावीच लागते, डॉकर लावून देत नाही, ती नसंल तर मधल्या दहा कमांड फेल झाल्या तरी शेवटची पास म्हणजे बिल्ड पास. नवीन प्रोजेक्ट सुरू करत असाल अन् तुमचं बिल्डकिट नवं असंल तर सेमीकोलनची रांग लिहूच नका, हीअरडॉकमध्ये हीच शिस्त घ्या. जुनी डॉकरफाईल सांभाळायची असंल, किंवा क्लायंटच्या सर्व्हरवर जुनं डॉकर असंल, तर सेमीकोलन स्टाईल डोळे झाकून घ्या. सुरक्षिततेला ५ पैकी ५, वाचायला सवय झाल्यावर ४, टोकनच्या बाबतीत २, अन् स्लो नेटवाल्याला जशीच्या तशी घेतली तर ३, बदलून घेतली तर ४.

एक भाग मात्र मी उचलला नाही अन् तुम्ही बी उचलू नका, निदान आधी नाही. त्या फाईलींमध्ये सेव्हड-एपीटी-मार्क नावाचं व्हेरिएबल दिसंल. आधी हाताने इन्स्टॉल केलेल्या पॅकेजची यादी लिहून ठेवायची, मग कंपायलर वगैरे टाकायचे, काम झालं की सगळ्यांना ऑटो मार्क करायचं, जुनी यादी परत मॅन्युअल करायची, मग फाईंडने शोधून एलडीडी लावून कोणत्या लायब्ररी खरंच लागतात ते काढून त्या बी मॅन्युअल करायच्या, अन् उरलेलं पर्ज, म्हणजे समूळ काढून टाकायचं. हुशार आहे, इमेज बारीक होते, पण समजायला दोन चहा लागतात. मोर्शीच्या पोराने उत्साहात हे आमच्या पायथॉनच्या इमेजमध्ये टाकलं, अर्धंच, एलडीडीवाला तुकडा त्याला कठीण वाटला म्हणून सोडला. पर्जने लिबपीक्यू (पोस्टग्रेसशी बोलायची लायब्ररी) काढून नेलं. बिल्ड पास, यू बी गप्प, ई बी गप्प, कारण एकही कमांड फेल झालीच नव्हती, लायब्ररी लागते ती प्रोग्राम सुरू झाल्यावर. माझ्या लॅपटॉपवर कंटेनर चालवला तेव्हा दिसलं, लिबपीक्यू.एसओ.५ सापडत नाही.

तो म्हणे, "दादा, मंग एवढं सेट -ईयूएक्स लिहून फायदा काय?" मी म्हटलं, "ऑफिशियलवाले शेवटच्या ओळीत काय लिहितात ते पाहिलं का तू?" ते पर्ज झाल्यावर त्याच रनमध्ये इन्स्टॉल केलेली वस्तू एकदा चालवून पाहतात. गोसू (दुसऱ्या युजरच्या नावाने कमांड चालवणारं टूल) टाकलं तर गोसू --व्हर्जन, अन् मग गोसू नोबडी ट्रू. पायथॉन टाकलं तर पायथॉन३ --व्हर्जन. आपल्याकडं पायथॉन -सी इम्पोर्ट सायकोपीजी२ (लिबपीक्यूवर चालणारं पायथॉन मॉड्यूल) ही एक ओळ पर्जच्या खाली टाकली अन् तोच बिल्ड परत चालवला, तिथंच फुटला, एक्झिट कोड १, वर अधिकचं चिन्ह लावून कमांड छापलेली. मग त्याने लिबपीक्यू५ मॅन्युअल मार्क केलं, पास झालं, अन् एआरएमवाली इमेज संध्याकाळच्या आधी केंद्रावर गेली.